वितळलं की गाव पुसतं

वाचकांचे प्रश्न : 'विचारा की!'

मागच्या अंकात मी बॅटरीच्या स्कूटरचा किलोमीटरमागे खर्च मांडला होता आणि शेवटी सहज लिहून गेलो होतो, 'स्वस्त पडते हे नक्की, स्वच्छ पडते का, हा हिशोब वेगळा.' त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की मिक्सर, गिझर आणि विहिरीवरच्या मोटारींचे प्रश्न या महिन्यात बाजूला ठेवले आहेत. नव्या वाचकांसाठी सांगतो, मी कोल्हापूरचा. शिरोलीच्या एका फौंड्रीत एकतीस वर्षं लॅब सांभाळली, आता निवृत्त. लोखंडातलं मला कळतं. बाकीचं वाचून, विचारून सांगतो.

दसऱ्याला बॅटरीची स्कूटर घ्यायचं घरात ठरलंय. धाकटी मुलगी अकरावीला आहे. ती म्हणते, बॅटरीत कोबाल्ट असतो, तो काँगोमध्ये लहान मुलं खणतात, मी त्या गाडीवर बसणार नाही. शोरूमवाला म्हणतो, असलं काही नसतं. खरं कोणाचं?
(एक वाचक, राजारामपुरी)

मुलीचं खरं आहे. पण तुमच्या गाडीपुरतं ते खरं आहे का, हे शोरूममध्येच कळेल, आणि तिथे ते विचारणारे फार थोडे.

लिथियम बॅटरी म्हणजे एकच वस्तू नव्हे. आपल्याकडच्या गाड्यांत मुख्यतः दोन जाती येतात. एकीत निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट असतात, तिला एनएमसी म्हणतात. दुसरीत लोखंड आणि फॉस्फेट, ती एलएफपी. दुसरीत कोबाल्ट नाही आणि निकेलही नाही. तेवढ्याच अंतरासाठी ती थोडी जड आणि मोठी होते, पण तापते कमी आणि चार्जिंगच्या फेऱ्या जास्त काढते. गेल्या वर्षी आमच्या घरी गाडी घेतली तेव्हा मी काउंटरवरच्या पोराला विचारलं, बॅटरी कुठली? "लिथियम हाय काका." लिथियम कळलं, पण केमिस्ट्री कुठली? "काका, तीन वर्षं वॉरंटी हाय." अरे, एनएमसी का एलएफपी? "काका, पाण्यात भिजली तरी काय हुत न्हाई बघा." शेवटी मागच्या वर्कशॉपमधल्या मेकॅनिकने पॅकवरचं स्टिकर दाखवलं. तुम्हीही थेट मागेच जा.

आता काँगो. जगात खाणीतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी सुमारे तीन चतुर्थांश एकट्या त्या देशातून येतो, आणि तो मुख्यतः दक्षिणेकडच्या तांब्याच्या पट्ट्यात, कोल्वेझी शहराच्या आसपास सापडतो. बहुतेक माल मोठ्या यांत्रिक खाणींतला असतो. पण एक हिस्सा माणसं हाताने खणतात. तो किती, यावर वाद आहे आणि अंदाज १० ते ३० टक्क्यांच्या मध्ये फिरतात. हे लोक आले कुठून? तिथली सरकारी खाण कंपनी जेकामिन १९९० च्या दशकात कोसळली, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, आणि ज्यांना खणण्याशिवाय काही येत नव्हतं ते पहार घेऊन टाकलेल्या खाणींत उतरले. आज लाखाहून जास्त लोकांची चूल त्यावर पेटते. बोगदे माणूस सरपटत जाईल एवढे, आधाराला लाकूड नाही. हवेला वाट नाही. पावसाळ्यात बोगदे ढासळतात.

मुलांचं म्हणाल तर युनिसेफने २०१४ मध्ये अंदाज केला होता की दक्षिण काँगोच्या खाणींवर सुमारे ४० हजार मुलं-मुली काम करतात. ॲम्नेस्टी इंटरनॅशनल आणि तिथल्याच एका संस्थेने २०१६ मध्ये अशा मुलांशी बोलून अहवाल काढला. काही मुलं दिवसाला बारा बारा तास दगड वेचत, धूत आणि पोती वाहत होती, आणि मिळत होते एक-दोन डॉलर. कोल्वेझीतल्या कासुलो वस्तीत २०१४ मध्ये एकाला आपल्याच घराखाली काळसर निळ्या दगडाचा थर लागला, आणि बघता बघता अख्ख्या वस्तीने घराखाली, परसात, रस्त्यात विहिरीसारखे खड्डे पाडले. तिथल्या लुबुम्बाशी विद्यापीठाने बेल्जियमच्या लूवेन विद्यापीठाबरोबर त्या वस्तीतल्या लोकांचं रक्त आणि लघवी तपासली. जवळच्या दुसऱ्या वस्तीपेक्षा कोबाल्ट कितीतरी जास्त निघाला, आणि सगळ्यांत जास्त मुलांमध्ये. ही मुलं खाणीत उतरलेलीच होती असं नव्हे. ती नुसती त्या धुळीत राहत होती.

आता जे सांगतो ते आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला पटकन कळेल. खणणारा आपलं पोतं घेऊन बाजारात येतो. कोल्वेझीजवळ मुसोम्पो म्हणून असा बाजार आहे. तिथे ओळीने खरेदीदारांची दुकानं. खरेदीदार पोतं तोलतो, मग हातातली एक बंदूक दगडावर धरतो. एक्स-रेने धातूचं प्रमाण सांगणारं ते यंत्र असतं. आकडा आला की भाव ठरला. दुसऱ्या यंत्रावर ताडून बघायची सोय खणणाऱ्याला नाही. अशी बंदूक मी वापरली आहे, तिचा आकडा हवा तसा दाखवणं काही कठीण नाही. दगड ओला धरा, मातीची बाजू पुढे करा, झालं. तिथल्या लोकांची तक्रारही हीच आहे. काटा त्यांचा, उतारा त्यांचा, आणि ऊस तेवढा आपला. आपल्या शेतकऱ्याला निदान संघटना आहे, रस्ता अडवता येतो.

त्या दुकानाच्या मागच्या अंगणात पुढची गोष्ट घडते, आणि माझ्या मते सगळ्यात वाईट तीच. पोराने वेचलेला, बापाने काढलेला, सगळा दगड एका ढिगात पडतो. तिथून तो कारखान्यांत जाऊन यंत्राने खणलेल्या मालात मिसळतो, आम्लात विरघळतो आणि शुद्धीकरणासाठी बहुतेक चीनला जातो.

हे मी का ओळखतो ते सांगतो. आमच्या लॅबमध्ये स्पेक्ट्रोमीटर होता. भट्टीतून पळीने रस काढायचा, साच्यात नाण्याएवढी वडी ओतायची, घासून यंत्रावर ठेवायची. अर्ध्या मिनिटात कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक, फॉस्फरस, सगळं दशांशात हजर. पण चार्जमध्ये, म्हणजे भट्टीत टाकलेल्या मालात, काय पडलं होतं, अलंगला फोडलेल्या जहाजाचा पत्रा की गडहिंग्लजच्या ट्रॅक्टरचं चाक, ते यंत्र सांगत नाही. एकदा भंगाराच्या ट्रकमधून गटाराची बिडाची झाकणं आली. चांगली धड, वर एका नगरपालिकेचं नाव ओतलेलं. विकत आणलेली की रात्रीत उचललेली, हे कोणी विचारलं नाही. साहेब म्हणाले, दुपारच्या हीटला, म्हणजे वितळवायच्या फेरीला, टाका. संध्याकाळी त्यांची पंपाची केसिंग झाली होती, आणि त्या हीटच्या सर्टिफिकेटवर सही माझी. रसायनं अगदी बरोबर होती. चौदाशे डिग्रीला नगरपालिकेचं नाव वाचता येत नाही.

कोबाल्टच्या शुद्धतेची सर्टिफिकेटं माझ्या त्या सहीसारखीच आहेत. खोटी नसतात. त्यांना जे विचारलेलं असतं तेवढंच ती सांगतात. डिसेंबर २०१९ मध्ये काँगोतल्या मेलेल्या आणि जायबंदी मुलांच्या घरच्यांनी अमेरिकेत ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट, डेल आणि टेस्ला यांच्यावर दावा लावला. मार्च २०२४ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टानेही तो फेटाळला. साखळीच्या टोकाला बसून माल विकत घेणं म्हणजे खाणीच्या धंद्यात भागीदार होणं नव्हे, असा निकालाचा मथितार्थ. कायद्याचं मला कळत नाही, पण झाकणं आठवली.

मग गाडी घ्यायची की नाही? घ्या, एलएफपीची बघून घ्या. त्यातही लिथियम आहेच. त्यातलं काही दक्षिण अमेरिकेत चिलीच्या अताकामासारख्या वाळवंटात खारं पाणी उपसून, आपल्या मिठागरासारख्या वाफ्यांत वर्षभर आटवून काढतात, आणि तिथली गावं पाण्यासाठी भांडत आहेत. त्यावर पुन्हा कधीतरी सविस्तर. एनएमसीचीच गाडी पसंत पडली तर कंपनीला लेखी विचारा, कोबाल्ट कुठून घेता. उत्तर येणार नाही. तरी ते पत्र मुलीला लिहायला सांगा, ती तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं लिहील. आणि तिला गाडीवर बसायची जबरदस्ती करू नका. चालत जाऊ दे कॉलेजला, जवळच असेल.

आम्ही तीन लेथवाले साधे लोक. बॅटरीबिटरीशी आमचा संबंध नाही. हा कोबाल्ट कोल्हापुरात वापरतंय तरी कोण?
(एक वर्कशॉप मालक, उद्यमनगर)

तुम्हीच. टूलपोस्टला लावलेली, धातू कापणारी कार्बाइडची टीप टंगस्टन कार्बाइडच्या पुडीची असते आणि ती पुडी धरून ठेवतो कोबाल्ट. शंभर ग्रॅमला सहा ते दहा ग्रॅम. बॅटरीच्या गाड्या यायच्या कितीतरी आधीपासून तो आपल्या कचऱ्याच्या डब्यात पडतोय. झिजलेल्या टिपा धातूच्या चिप्समध्ये झाडून टाकू नका, वेगळ्या साठवा. त्यांना किलोवर चांगला भाव येतो आणि त्यातला कोबाल्ट परत निघतो. शिवाय टिपांना कोरड्या चाकावर धार लावत असाल तर तोंडाला नुसता रुमाल पुरणार नाही. ती धूळ फुप्फुसात बसते, आणि त्या आजाराचं नावच मुळी 'हार्ड मेटल'चा आजार आहे.

आमच्या गावावरच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या खडकाळ पठारावर, बॉक्साइटची खाण होणार अशी चर्चा आहे. बैठकीत आलेले लोक म्हणाले, सोलर आणि बॅटरीच्या गाड्यांना ॲल्युमिनियम लागतं, त्यामुळे तुमचा विरोध म्हणजे पर्यावरणालाच विरोध. आम्ही गप्प बसलो. काय बोलायला हवं होतं?
(एक तरुण शेतकरी, शाहूवाडी तालुका)

या युक्तिवादाला आधी लांबून नमस्कार. पूर्वी रोजगार म्हणायचे, मग विकास म्हणायला लागले, आता हे.

सोलर पॅनेलची चौकट ॲल्युमिनियमची असते हे खरं. पण खिडक्या, पत्रे, वायरी, औषधांच्या पट्ट्या आणि कढया यांचं ॲल्युमिनियम त्याच भट्टीतून येतं. तेव्हा पहिला प्रश्न हा, की या सड्यावरच्या मालातला किती सोलरला जाणार, ते लिहून द्या. ते देऊ शकणार नाहीत. (मघाचंच कारण, ढीग एकच असतो.) दुसरं, एक टन ॲल्युमिनियमला चार-पाच टन बॉक्साइट लागतं, ते कॉस्टिकमध्ये उकळून पांढरी पूड काढली की मागे लाल चिखल उरतो, आणि त्या पुडीतून धातू काढायला टनामागे १४ हजार युनिटच्या आसपास वीज जाते. ती वीज आपल्या देशात बहुतेक कोळशाची. 'हिरवं' म्हणणाऱ्याला एवढं तरी सांगता आलं पाहिजे.

पण खरा मुद्दा तुमच्या पाण्याचा आहे, तो तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. सडा वरून उजाड दिसतो. म्हणून सरकारी कागदावर त्याला पडीक म्हणतात. पावसाळ्यानंतर तिथे जी सीतेची आसवं फुलतात ती कागदावर येत नाहीत. जांभा सच्छिद्र असतो, पावसाचं पाणी पोटात धरतो आणि खालच्या अंगाला झऱ्यांतून सावकाश सोडतो. बॉक्साइट म्हणजे डोंगरावरच्या त्या जांभ्याच्या टोपीचाच सगळ्यांत सरस थर. तो काढला की टोपीच गेली. कुठला झरा कोणत्या महिन्यापर्यंत वाहतो, कुठल्या वाडीचं पाणी त्यावर आहे, हे आजच वहीत लिहायला लागा. तारीख, बादली भरायला लागलेला वेळ, सोबत दोन म्हाताऱ्यांच्या सह्या. मोठ्या खाणीला जनसुनावणी लागते, तिची सूचना तीस दिवस आधी द्यावी लागते आणि पर्यावरणावरच्या परिणामांच्या अहवालाचा गोषवारा मराठीत मिळायला हवा. तिथे भावनेपेक्षा ही वही चालते. खाणीचा पट्टा तुकड्यातुकड्यांनी मागितला असेल तर तसा का, तेही विचारा. आणि जिल्ह्यातल्या जुन्या खाणींपैकी बुजवून झाडं लावलेली एक तरी जागा जीपने नेऊन दाखवा म्हणावं.

तुमच्या सड्याचा एक चुलतभाऊ इंडोनेशियात आहे. लाखो वर्षं धो धो पावसाने खडक कुजून जांभा तयार होतो. आपला खडक काळा पाषाण, म्हणून वर ॲल्युमिनियम जमलं. सुलावेसी बेटावरचा मूळ खडक वेगळा, म्हणून तिथल्या लाल मातीत निकेल जमलं, बॅटरीतलं आणि स्टेनलेस स्टीलमधलं. जानेवारी २०२० पासून इंडोनेशियाने कच्चं निकेल बाहेर पाठवायला बंदी केली. माल इथेच वितळवा, कारखाने आमच्याकडे काढा, असा त्यामागचा विचार, आणि तो विचार मला तरी चुकीचा वाटत नाही. कारखाने आले, मुख्यतः चिनी पैशातून. आज जगातलं निम्म्याहून जास्त निकेल तो देश काढतो. पण माती टेकड्यांवर असते आणि टेकड्यांवर जंगल. ते तोडलं की पावसात लाल गाळ नदीतून समुद्रात जातो, मासेमारीची गावं किनाऱ्यावर बसून बघतात. आणि भट्ट्यांसाठी त्यांनी शेजारी कोळशाची वीजघरं उभी केली आहेत. धुराशिवायच्या गाडीचं निकेल कोळशावर शिजतं.

सुलावेसीवरच्याच मोरोवालीच्या औद्योगिक वसाहतीत २४ डिसेंबर २०२३ रोजी निकेलच्या एका भट्टीची दुरुस्ती चालू असताना स्फोट झाला, २१ कामगार गेले. त्यात इंडोनेशियाचे होते, चीनचेही होते. फौंड्रीत काम केलेल्या माणसाला अशी बातमी वाचताना पायाखाली उष्णता जाणवते. भट्टी बंद आहे, थंड आहे असं ऑफिसातून सांगतात, आणि आत कुठेतरी रस जिवंत असतो. आमच्याकडे एकदा फक्त पळी ओली होती. पाण्याचा एक थेंब, आणि रस उसळला. एका मोल्डरचा डावा हात आजही सरळ होत नाही.

तुम्ही पेट्रोलवाल्यांची वकिली करताय. शंभर वर्षं तेलासाठी लढाया झाल्या, तेव्हा कुठे होतात? इलेक्ट्रिक आलं आणि लगेच तुम्हाला आफ्रिकेतली पोरं आठवली.
(एक संतप्त वाचक, नाव पत्रात नव्हतं, शिक्का इचलकरंजीचा)

तुमच्या पत्रातलं दुसरं वाक्य मला मान्य आहे. तिसरंही थोडं झोंबलं.

माझ्या घराच्या भिंतीवर दोन रेघा आहेत. एक ऑगस्ट २०१९ ची, दुसरी जुलै २०२१ ची. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटाला धोक्याची पातळी, आणि दोन्ही वेळा पंचगंगा तिच्या कितीतरी वर गेली. हवा बिघडल्याचं मला कोणी पुस्तकातून शिकवायला नको, मी फ्रिज माडीवर चढवलाय. कोळसा आणि पेट्रोल जावं असंच माझं मत आहे. नुसती वजनं बघा. जगभरातून वर्षाला निघणारा कोबाल्ट तीन लाख टनांच्या आत-बाहेर, आणि एकट्या भारतात २०२४-२५ मध्ये निघालेला कोळसा १०० कोटी टनांच्या वर. त्या कोळशाच्या पोटातही माणसं आहेत. मेघालयात उंदराच्या बिळासारख्या खाणी हरित न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये बंद करायला सांगितल्या, आणि डिसेंबर २०१८ मध्ये तसल्याच खाणीत नदीचं पाणी शिरून पंधरा जण अडकले. शिवाय कोळसा जाळला की संपला, पुन्हा खणा. बॅटरीतला कोबाल्ट, निकेल दहा वर्षांनी तिथेच असतो, काढून घेता येतो.

आणि तुमच्यासाठी एक गोष्ट राखून ठेवलीय. पेट्रोल-डिझेलमधलं गंधक काढायला रिफायनरीत जो उत्प्रेरक वापरतात त्यातही कोबाल्ट असतो. तेव्हा तुमची जुनी मोटारसायकलही धुतल्या तांदळाची नाही.

पण यावरून कासुलोतल्या पोराचं पोतं हलकं होत नाही. शेजाऱ्याच्या घरात जास्त घाण आहे, हे सांगून आपलं अंगण झाडलं जात नाही, असं आमची आई म्हणायची. युरोपने नियम केला आहे की फेब्रुवारी २०२७ पासून गाड्यांच्या बॅटरीला डिजिटल पासपोर्ट, म्हणजे तिची कुंडली सांगणारी संगणकावरची नोंद, हवा. माल कुठून घेतला याची चौकशी करण्याचं बंधनही त्यांनी घातलं होतं, पण कंपन्यांच्या ओरडीनंतर ते २०२७ च्या ऑगस्टपर्यंत ढकललं. आपल्याकडचे २०२२ चे नियम बॅटरी जुनी झाल्यावर तिचं काय करायचं ते सांगतात, चांगले आहेत. ती जन्माला कुठे आली, हा प्रश्न त्यांत नाही. मी तो विचारतोय. याला वकिली म्हणायचं असेल तर म्हणा, फी मिळालेली नाही.

चांदी एवढी भडकली की पैंजणाच्या ऑर्डरी निम्म्यावर आल्या. सगळे म्हणतात सोलरने खाल्ली. खरं का?
(एक कारागीर, हुपरी)

बरंचसं खरं. पॅनेलच्या निळ्या-काळ्या चकत्यांवर ज्या केसासारख्या रेघा दिसतात त्या चांदीच्या लेपाच्या असतात. एका पॅनेलला काही ग्रॅमच, पण पॅनेलं कोट्यवधी. आज जगातली निम्म्याहून जास्त चांदी उद्योगांना जाते आणि त्यात सोलरचा वाटा मोठा आहे. सट्टाही आहेच. आणि चांदीची अडचण ही की बहुतेक चांदी शिसं, जस्त, तांबं काढताना सोबत मिळते. भाव वाढला म्हणून कोणी जास्त जस्त खणत नाही. पॅनेलवाले चांदी कमी करून तांबं बसवायच्या मागे लागले आहेत, तेव्हा थोडा धीर धरा. (भावाचा अंदाज मला विचारू नका, माझं नशीब त्यात कधीच नव्हतं.)

तुमचा माल येतो कुठून, हेही कधी बघा. सगळ्यांत जास्त चांदी मेक्सिको काढतो. बोलिव्हियात पोतोसीचा डोंगर आहे, तो १५४५ पासून पोखरतायत. स्पेनच्या राजांची तिजोरी त्याने भरली आणि आजही तिथे सहकारी टोळ्या आत उतरतात, सुरुंग लावतात, आणि चाळिशीत सिलिकोसिसने, म्हणजे दगडाची धूळ फुप्फुसात साठून, खोकून मरतात. शिरोलीतल्या फौंड्रीच्या वाळूचा खोकला मी एकतीस वर्षं ऐकला, आवाज तोच असणार. तुम्ही मोड आटवता तेव्हा कोणाच्या आजीचे तोडे होते हे पहिल्या जाळालाच पुसतं. तुम्हाला हे मी काय सांगायचं.

सातवीच्या वर्गाला हा विषय सांगावा का? मुलं लहान आहेत, आणि आफ्रिका त्यांना फार लांब वाटते.
(एक शिक्षिका, गडहिंग्लज)

सांगा, पण आफ्रिकेपासून सुरुवात करू नका. झारखंडात कोडरमा आणि गिरिडीह जिल्ह्यांत अभ्रकाच्या खाणी होत्या. १९८० च्या वनसंरक्षण कायद्यानंतर बहुतेक बंद पडल्या. माल जमिनीत राहिला, लोकही तिथेच राहिले. आता घरंच्या घरं, मुलांसकट, जुन्या खाणींच्या ढिगाऱ्यातून अभ्रकाचे तुकडे वेचतात. त्याला तिकडे ढिबरा म्हणतात. तो गाडीच्या चमकत्या रंगात जातो, टिकलीच्या चमकीत जातो, आणि बॅटरीच्या पॅकमध्ये आगीपासून आड म्हणून त्याचे पत्रे बसतात. टिकलीवरून सुरू करा, पुढच्या बाकावरच्या मुली लगेच ऐकतील.

त्याआधीही एक काम करा. गळीत हंगाम सुरू झाला की तुमच्या शाळेच्या खिडकीतून ऊसतोडीच्या कोप्या दिसतात का? दिसत असतील तर त्यातली मुलं सकाळी दहा वाजता कुठे असतात, हे मुलांनाच बघून यायला सांगा. वाढं कोण बांधतं, धाकट्याला कोण सांभाळतं, गाडीवर कोण झोपतं. काँगो तिथून एका तासिकेच्या अंतरावर आहे.

इन्व्हर्टरची जुनी बॅटरी दारात पडून आहे. भंगारवाला दीड हजार देतो, दुकानदार नवीन घेतल्यावर बाराशे कापून देतो म्हणतो. कुठे द्यावी?
(एक गृहिणी, शाहूपुरी)

दुकानदाराला. तीनशेचं नुकसान माझ्या नावावर टाका.

तुमची बॅटरी शिशाची आहे, आणि शिसं पूर्णपणे परत वापरता येतं. नियमाप्रमाणे ती दुकानदाराकडून कंपनीकडे आणि तिथून परवाना असलेल्या कारखान्यात जायला हवी. भंगारवाल्याकडची कुठे जाते ते मी बघितलं आहे. गावाबाहेर पत्र्याची शेड, आत कढई, खाली लाकूड. कुऱ्हाडीने डबा फोडतात, ॲसिड ओढ्यात सोडतात, पाट्या कढईत. कामाला नवरा-बायको, आणि पोर बाजूला राखेत खेळतं. शिशाची वाफ दिसत नाही, वासही येत नाही. त्या शेडमधली वडी दुसऱ्या दिवशी बाजारात येते तेव्हा ती कारखान्यातल्या वडीसारखीच चकचकीत असते. आमच्या यंत्रावर ठेवली असती तर पास झाली असती.

दोन गोष्टी सांभाळा. दुकानदाराकडून बिलावर 'जुनी बॅटरी जमा' असं लिहून घ्या. आणि भंगारवाला दारात आलाच, 'ताई, पाणी वतून हलकी करून नेतो' म्हणाला, तर त्याला तुमच्या गटारापाशी बॅटरी उपडी करू देऊ नका. ते पाणी नसतं. सांडलंच तर भरपूर खाण्याचा सोडा टाका, फस् फस् थांबेपर्यंत, आणि मगच धुवा.